खजराण्याची फेरी

१९८६ साली इंदूरला आम्ही नवी हिरो होंडा सीडी १०० घेतली. चार स्ट्रोकचे इंजिन. पेट्रोलात तेल मिसळण्याची कटकट नाही, याचेच केवढे अप्रूप! रिवाजाप्रमाणे गाडी प्रथम खजराण्याच्या गणपतीला न्यायची. "बाबा, बसा ना मागे," मी म्हटले. तीस वर्षे सायकलीने गिरणीत गेलेले बाबा म्हणाले, "तू हो पुढे. मी सायकलीने येतो."

कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू असे सारे यथासांग झाले. परतताना मात्र त्यांनी देवळापाशी सायकलीला कुलूप लावले आणि निमूटपणे मागे बसले. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात किंचित थरथरत होता. वाटेत कोणीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल आणायला दोघेही निघालो. तेव्हा "चल" असे तेच म्हणाले.