दूध नाही, संप सुरू

शाळेचे दाखले बघितले तर आमच्या आधीच्या दोन पिढ्या एकाच तारखेला जन्मल्या असं वाटेल. १ जून. नाव घालायला आणलेल्या पोराची अंगकाठी बघून मास्तर साल ठरवायचे आणि शाळेच्या सोयीची तारीख टाकायचे. ती माणसं मात्र वय घटनांवर मोजत. आजी म्हणायची, “गोदीत स्फोट झाला तेव्हा तुझा बाप रांगत होता.” तेवढं पुरे होतं. लालबागच्या आमच्या चाळीत तो स्फोट ठाऊक नसलेला म्हातारा माणूस नव्हता.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभं होतं. त्यात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही. आग लागली, दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडत राहिल्या. आजीला सोन्याचं कौतुक नव्हतं. फडताळातली पितळी ताटं खणखणत खाली आली आणि ती पोराला कडेवर मारून जिना उतरली, एवढीच तिची गोष्ट. त्या दिवसाच्या आठवणीने १४ एप्रिल देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळतात. आमच्या वस्तीत मात्र ती तारीख आधी बाबासाहेबांच्या जयंतीची. परळच्या चाळीत त्यांनी काढलेली वर्षं आमच्याकडच्या जुन्या माणसांना घरचीच वाटत.

आजीच्या काळात भिंतीवर असायचं ते वाण्याने दिलेलं कॅलेंडर. वर मुळगावकरांच्या चित्रातली लक्ष्मी नाहीतर राधाकृष्ण, खाली तारखांची बारीक पट्टी. साल संपलं की पट्टी फाडायची आणि देव चौकटीत बसवायचे. तिथी बघायची तर पंचांगवाल्या भटजींना गाठावं लागे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं आणि भिंतीवरचा देव जाऊन तारीख मोठी झाली. संकष्टीचा चंद्रोदय, एकादशी, ईद, पतेती, नाताळ सगळं एका पानावर. पान उलटलं की वाचायला मजकूर. आणि प्रत्येक तारखेला स्वतःची चौकट. आईला ती चौकट फार आवडली, कारण तिच्यात दुधाचा हिशेब मावत होता.

चौथीपर्यंत शिकलेली आई चौकटीत लिहायची ते असं: ‘दू. १’, ‘दू. ना.’, ‘रॉकेल ५’, ‘गिरण दळण’, ‘ह्यांची ३री’. तिसरी म्हणजे वडिलांची रात्रपाळी. साल संपलं की कॅलेंडर सुतळीने बांधून माळ्यावर जायचं. का ठेवतेस विचारलं तर म्हणायची, “दूधवाल्याने उद्या काही काढलं तर?” दूधवाल्याने कधीच काही काढलं नाही. गठ्ठा मात्र वाढत गेला, आणि ती गेल्यावर माझ्याकडे आला.

त्यातलं १९७४चं मे महिन्याचं पान बघण्यासारखं आहे. ८ तारखेच्या चौकटीत ‘रेल्वे बंद’. जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभरचे लाखो रेल्वे कामगार संपावर गेले होते. आमच्या समोरच्या खोलीतले काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर. इतिहासाच्या पुस्तकात तो संप वीस दिवसांत संपतो. आईच्या कॅलेंडरात तो संपत नाही. काकांची नोकरी गेली होती, आणि महिन्याच्या सुरुवातीला कुठेतरी ‘समोर २० दिले’ अशी नोंद येतच राहते. आणीबाणी येते, त्या पानांवरही ‘समोर १५’, ‘समोर १०’ आहेच. १९७७ला जनता सरकार आलं, आमच्या कोकणातल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्या कामगारांना परत घेतलं गेलं. त्या साली एका चौकटीत आईने लिहिलंय, ‘समोरून पेढे’. आमच्या मजल्यावर रेल्वेचा संप त्या दिवशी मिटला.

मग १८ जानेवारी १९८२, सोमवार. ‘संप सुरू. दू. १.’ डॉ. दत्ता सामंतांच्या मागे मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवं होतं, आणि कायद्याने मान्यता असलेली एकमेव युनियन आपली वाटत नव्हती. वडील साचेखात्यात होते. महिना-दीड महिन्यात मिटेल असं सगळेच म्हणत होते. फेब्रुवारीत दूध अर्ध्यावर आलं, मार्चमध्ये पावशेरावर, मेमध्ये चौकटी कोऱ्या. आम्हाला गावी पाठवलं होतं. त्या वर्षी गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांना कुलपं लागली आणि कोकणातल्या, घाटावरच्या भाताने-ज्वारीने मुंबईचा संप पोसला.

१८ ऑगस्टच्या चौकटीत आईचं अक्षर दाबून उमटलंय: ‘पोलीस संप. बाहेर नाही.’ त्या दिवशी मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले, गिरणी कामगार त्यांना जाऊन मिळाले, लष्कर बोलवावं लागलं. तोवर आम्ही गावाहून परतलो होतो. खिडक्या लावून सगळे खोलीत बसलो होतो, एवढं मला आठवतं. कॅलेंडर नसतं तर कोणता बुधवार ते सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या पानांवर एक नवीन गोष्ट सुरू होते. ‘पोळ्या ३०’. मग ‘पोळ्या ४०’, ‘डबे ६’. आतापर्यंत चौकटीत खर्च असायचा, आता मिळकत आली. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या होत्याच. संपानंतर त्या वाटेने ज्या आणखी बायका गेल्या त्यांतली आई एक. वडिलांना वॉचमनचं काम मिळालं ते नंतर. साच्यांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला रात्री एका रिकाम्या गोदामाची राखण जड गेली, पण त्याची नोंद कुठे नाही. आई फक्त ‘ह्यांची रात्र’ एवढंच लिहायची.

गिरणी संपाला सुरुवातीची तारीख आहे, शेवटची नाही. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कुणी वर्षाने परत रुजू झाले, कुणाची गिरणीच उरली नाही. १६ जानेवारी १९९७ला डॉ. सामंतांचा पवईला खून झाला तेव्हा काही जण म्हणाले, आता संपला. काहींचा संप २०१२ साली म्हाडाच्या सोडतीत घराचा नंबर लागला तेव्हा मिटला असेल, काहींचा त्या सोडतीत नाव न आल्यामुळे अजून चालू असेल. आमच्या घरात तो १९८४च्या पावसाळ्यात मिटला. ‘दू. १’ पुन्हा लिहिलं गेलं त्या दिवशी. ते दूध डब्यांच्या पैशांचं होतं.

एकदा हे लक्षात आल्यावर मी तो गठ्ठा दुसऱ्या नजरेने चाळायला लागलो. डिसेंबर १९९२. ६ तारीख रविवार, म्हणून लाल. छापील मजकूर महापरिनिर्वाण दिनाचा. चैत्यभूमीकडे निघालेल्या माणसांनी आमचे रस्ते सकाळपासून भरलेले. त्याच दिवशी अयोध्येत मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल पेटली. पुढच्या चौकटींत ‘पाव ना.’, ‘पाव ना.’ जानेवारीत पुन्हा तेच. सायकलला टोपली बांधून येणारे बेकरीवाले चाचा थांबले होते. दंगलीची चौकशी झाली, अहवाल आला. चाचा आले नाहीत. फेब्रुवारीपासून नोंद ‘ब्रेड’ अशी होते. कुठल्या दुकानातून, ते लिहिलेलं नाही.

आणि १२ मार्च १९९३, शुक्रवार. शहरात बारा-तेरा ठिकाणी स्फोट, त्यांतला एक दादरला प्लाझाजवळ. ताई त्या दुपारी दादरला ब्लाउजपीस घ्यायला गेली होती. आईने चौकटीत स्फोटाचं नाव घेतलेलं नाही. ‘ताई घरी ६.१०’, बस्स. अडीचशेच्या वर माणसं त्या दिवशी घरी पोचली नाहीत. त्यांच्या घरच्या कॅलेंडरांवर त्या दिवसाच्या चौकटीत काय असेल, याचा विचार मी फार पुढे नेत नाही.

शाळेत आम्ही सनावळ्या पाठ केल्या. अमुक साली अमुक सुरू झालं, तमुक साली तह झाला. सुरुवात सगळ्यांची एक असते, ती वर्तमानपत्रात छापून येते. शेवट मात्र दर खोलीचा निराळा असतो आणि तो बहुधा लिहिलाच जात नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर जणांची तोंडी साक्ष पुस्तकात आणली, म्हणून निदान तेवढे शेवट वाचायला मिळतात. बाकीचे माळ्यावर असतात, सुतळीने बांधलेले. दिवाळीच्या साफसफाईत तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी दूध, पाव आणि रॉकेलच्या नोंदींवरून एकदा बोट फिरवा. दूध कुठल्या महिन्यात कमी झालं आणि पुन्हा कधी पूर्ण झालं ते बघा. मग त्या वर्षीचं वर्तमानपत्र काढा.