भाजीची चिठ्ठी

एम.ए. होऊन एका छोट्या शब्दसंग्रहाच्या कामाला लागलो, तेव्हा ‘भाजी’ची चिठ्ठी माझ्याकडे आली. पाच मिनिटांत लिहून मोकळा झालो. शब्दाचं नातं ‘भ्रज्ज्’ म्हणजे भाजणे या धातूशी जोडतात, तेवढं मला ठाऊक होतं. तेवढ्यावर शेरा ठोकला : कच्च्या पाल्याला भाजी म्हणणं चूक.

त्या संध्याकाळी पुण्याच्या मंडईत नेहमीच्या मावशींकडे मेथी घेताना ही विद्वत्ता त्यांनाही ऐकवली. त्या गड्डीची मुळं खुडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मग घरी नेऊन काय करणार हिचं?”

“भाजी.”

“मग झालं की! गिऱ्हाईक गड्डी थोडंच बघतंय? रातचं ताट बघतंय.”

मी हसलो आणि चिठ्ठी तशीच पुढे पाठवली. हे लिहितानाही लाज वाटते.

चिठ्ठी परत आली. समासात संपादकांनी एवढंच लिहिलं होतं : पाणिनी, 4.1.42. उघडून बघितलं, तर त्या सूत्रात ‘भाजी’ होतीच, ‘श्राणा’ म्हणजे शिजवलेल्या पेजेच्या अर्थानं. धातूचा वाद कोशकारांनी घालावा. भाजलेली असो की शिजवलेली, भाजी आधी चुलीवरचीच. हिंदीतली सब्जी रंगावरून आली, फारसी ‘सब्ज’ म्हणजे हिरवं. आपण मात्र वाफ्यातल्या रोपालाही पानात पडणाऱ्या पदार्थाचं नाव दिलं. गोव्यात तर ‘तांबडी भाजी’ हे रोपाचंच नाव. मावशींनी मुळं खुडता खुडता सांगितलं होतं ते हेच.

मग रोज त्यांच्याकडे जाऊ लागलो, वही घेऊन. वांगी, दोडका, गवार ही तरकारी. गड्डीनं विकते ती भाजी. कांदा-बटाटा दोन्हींत नाही. पुस्तकात नसलेली ही वाटणी त्यांनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडत शिकवली. माझ्या कितीतरी चिठ्ठ्या त्यातून सुधारल्या.

संग्रह छापून आला. ऋणनिर्देशात त्यांचा उल्लेख नव्हता; मी सुचवलाच नव्हता. एक प्रत घेऊन गेलो. पदराला हात पुसून त्यांनी ती घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, “यात चंदनबटवा हाय का?”

नव्हता.