ज्या आडाचं पाणी, त्या आडाची जिवाणी



गेल्या चतुर्दशीला लेक घरी आली होती. वन्यजीव विषयात शिकते. चांदोलीच्या जंगलात उदमांजर, रानमांजर अशा छोट्या प्राण्यांचा अभ्यास करायचा आहे, त्याच्या परवानगीचा अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरत होती. माझा उपवास होता, हाताला काम कमी, म्हणून मीही शेजारी बसले.

अर्ज बघून मी थक्क झाले. किती माणसं जाणार, कुठल्या वाटेनं, कुठल्या महिन्यात, कॅमेरे किती, जंगलातून काय बाहेर आणणार, सगळं लिहायचं. प्राण्यांची विष्ठा तपासायला आणायची, तर तीही लिहायची! मी हसले. म्हटलं, "अगं, शेणालासुद्धा परवानगी?"

तिनं समजावलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 28 आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचं, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आणि बिबट्यासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी अभ्यासासाठी पकडायचा असेल, तर केंद्र सरकारचीही आधी लागते. मग तिनं कॉलेजातली गोष्ट सांगितली. सहलीत तिला वाटेवर साळिंदराचा काटा सापडला, तिनं पिशवीत टाकला. सोबतच्या वनरक्षकांनी पाहिलं आणि म्हणाले, "ताई, जिथनं उचललात तिथंच ठेवा."

"पडलेलाच तर होता," मी म्हटलं.

"आई, तूच शिकवलंस ना? अचौर्यात पडलेली वस्तूही येते."

मी गप्प झाले. खरंच, दुसऱ्याची पडलेली, विसरलेली वस्तू दिल्याशिवाय घ्यायची नाही, हे मीच तिला लहानपणी पाठशाळेतून आल्यावर घोकायला लावलं होतं. पण रानातल्या वस्तूलाही ते लागू होतं, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

तरी माझ्या मनातली खरी शंका वेगळीच होती. ती विचारलीच. "हे सगळं ठीक, पण बिबट्याला इंजेक्शन देऊन झोपवतात, गळ्यात पट्टा घालतात, ही हिंसा नाही का?" तिच्या कामात ते नाही. तिचे कॅमेरे झाडाला पट्ट्यानं बांधायचे, खिळासुद्धा ठोकायचा नाही. पण तिनं विषय टाळला नाही. आजोबाची हकिकत सांगितली.

2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. वनखात्याबरोबर विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी अभ्यास करत होते. महिनाभरातच तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत गावं, रेल्वे, महामार्ग. कुणा माणसाला त्यानं इजा केली नाही. (पुढे 2011 मध्ये तो रस्त्यावर गाडीखाली गेला, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.)

त्याआधी जुन्नर भागात शेतात दिसलेले बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडायचे. हेतू चांगला, माणूसही वाचेल आणि बिबट्याही. पण अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा उलटंच निघालं. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, हे सुरू झाल्यावर 2001 ते 2003 या काळात ती सरासरी 17 वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला, बिथरलेला जीव.

हे ऐकताना मला माहेरची आज्जी आठवली. आडातून पाणी शेंदायची, दुपदरी जाड फडक्यातून गाळायची आणि फडक्यावर राहिलेले जीव गाळलेल्याच पाण्यानं अलगद खाली घेऊन पुन्हा त्याच आडात सोडायची. वरून भिरकावायची नाही, भांडं पाण्यापर्यंत उतरवायची. मी एकदा आळसानं जिवाणी शेजारच्या ओढ्यात ओतली, तर केवढी रागावली! "ज्या आडाचं पाणी, त्या आडाची जिवाणी. दुसऱ्या पाण्यात ती जगंल का?" म्हणाली.

आज्जी दुसरीपर्यंत शिकलेली. बिबट्यांबाबत तेच कळायला पट्टे, नोंदी आणि कितीतरी वर्षं लागली. पण ते कळलं, ते अभ्यासामुळेच.

मग हिंसेचं काय? मला अजून वाटतं, झोपवलेल्या बिबट्याला भय झालंच असणार, आणि ते आपल्या खात्यावर आहे. ज्ञानासाठी केलं म्हणून ते पुसलं जात नाही. पण आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे, बेफिकिरीत. तो अर्ज मला आता बेफिकिरीला घातलेल्या बांधासारखा दिसतो. खरंच पकडायची गरज आहे का, कॅमेऱ्यानं भागणार नाही का, एका प्राण्यात काम होत असेल तर दोन कशाला, हे आधी विचारावंच लागतं. हौसेनं शिरणाऱ्याला तो थांबवतो आणि मनापासून शिकणाऱ्याला विचार करायला लावतो.

संध्याकाळी अर्ज पुरा झाला. लेकीनं शेवटी स्वतःहून एक ओळ घातली, काम संपल्यावर जंगलात आपली एकही वस्तू राहणार नाही.

रात्री फडकं धुताना मात्र मी अडले. फ्लॅटात नळाचं पाणी. ते कुठल्या धरणातून, कुठल्या टाकीतून येतं कोण जाणे. आज्जीचा आड मी कुठून आणू? माझी जिवाणी कुठं पोचवायची, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही काय करता, जरूर कळवा.