सोन्याची तांबडी रेघ

उन्हाला आपण सोनेरी म्हणतो, कापणीला आलेल्या शेताला सोनेरी म्हणतो. दुसऱ्यांचे रंग सांगायला ज्याचा रंग उसना घ्यायचा, त्याच्याच रंगाविषयी शंका कोण घेणार? पण सोनं फार बारीक केलं की ते पिवळं राहत नाही. पाण्यात तरंगणारे त्याचे कण माणकासारखे लालबुंद दिसतात.

फार बारीक म्हणजे किती? सोनाराच्या कानशीतून झडणारा कीस तिथे डोंगर ठरेल. मीटरचे पाच कोटी भाग केले तर त्यातला एक, म्हणजे वीस नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत असे चारेक हजार कण शेजारी शेजारी मावतील. एवढ्याशा जागेत सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर सगळे मिळून एका तालात डोलू लागतात. हिरव्या प्रकाशाशी त्यांचा ताल जुळतो, म्हणून तो प्रकाश कण गिळून टाकतात, आणि उरलेला तांबडा आपल्यापर्यंत येतो.

हे गणित मांडलं गुस्ताफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने, 1908 साली. त्याच्या अर्धशतक आधी, 1857 मध्ये, मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षारातून हे तांबडं पाणी करून पाहिलं होतं. कण दिसण्याजोगं कुठलंच उपकरण त्याच्या काळात नव्हतं. त्याने त्या पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडला. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात झोताची वाट उजळून निघाली आणि फॅरडेने ताडलं, की इथे सोनं विरघळलेलं नाही, ते अतिसूक्ष्म होऊन तरंगतं आहे. त्याच्या काही बाटल्या त्या संस्थेत अजून जपून ठेवल्या आहेत.

फॅरडेच्याही दीड हजार वर्षं आधी कुणा रोमन कारागिराने काचेचा एक पेला घडवला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरून उजेड पडला की हिरवा, आतून उजेड आला की लाल. काचेत सोन्याचांदीचे नॅनोकण आहेत. आपल्या हातून नेमकं काय घडलं हे त्या कारागिराला कळलं असेल असं वाटत नाही. हाताला जमलेली गोष्ट बुद्धीला उमगायला कधी कधी अशी शतकं लागतात.

या गोष्टीतलं पुण्याचं पान मला विशेष आवडतं. 2004 साली पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गवती चहाची पात उकळून तिचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घातला. त्यातून सोन्याचे चपटे त्रिकोण तयार झाले, आणि हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषतात. पावसाळ्यात चहाच्या आधणात घालायला कुंडीतली पात मी कातरतो, तेव्हा तिच्या वासाबरोबर हे त्रिकोण आठवतात. सोनं तेच. आकार बदलला की त्याची प्रकाशाशी असलेली सोयरीक बदलते.

सोन्याखेरीज इतर पदार्थांतही आकाराचा हा अंमल चालतो. कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक दोनेक नॅनोमीटरचा असेल तर निळा प्रकाश देतो, सहाचा झाला की तांबडा. इलेक्ट्रॉनला जागा जितकी तोकडी, तितका त्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो. या क्वांटम डॉटच्या शोधाबद्दल येकिमोव्ह, ब्रूस आणि बवेंडी यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काही टीव्हींच्या पडद्यांत आता हेच बिंदू रंग भरतात. कॅडमियम विषारी, म्हणून तिथे इंडियमसारखे पर्यायही आले आहेत.

माझं मन मात्र पुन्हा सोन्याकडेच वळतं, आणि तेही एका स्वस्तातल्या पट्टीपाशी. करोनाच्या दिवसांत घरोघरी लोक त्या पट्टीवर डोळे लावून बसत. मीही बसलो होतो. अशा अनेक पट्ट्यांमध्ये, गर्भधारणेच्या चाचणीतसुद्धा, सोन्याचे नॅनोकण असतात. त्यांच्या अंगाला प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. नमुन्याचा थेंब पट्टीतून पुढे सरकताना जे शोधायचं ते या कणांना सापडलं, तर त्याच्यासह ते ठरलेल्या जागी अडकतात. एकटादुकटा कण दिसत नाही. लाखोंनी जमले की तांबूस रेघ उमटते. ती बातमी सुखाची की काळजीची, हे सोन्याला ठाऊक नसतं. ते पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतं.

सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून तिच्या रंगावरून कस सांगतो. पट्टीवर रेघ सोन्याचीच असते, पण कस आपला लागतो.

सोनं आपण लग्नात घालतो, अडीअडचणीला गहाण ठेवतो, मोडून नवं घडवतो, लेकीसुनांना वाटतो. टाकून मात्र देत नाही. पट्टीतलं सोनं निकाल सांगून झाला की सरळ कचऱ्यात जातं आणि कुणाचा जीव हळहळत नाही. वजन म्हणावं तर सराफाचा काटा हलणार नाही इतकंच. माणसाने सोन्याला हजारो वर्षं जपलं, ते गंजत नाही, विटत नाही, आपला रंग सोडत नाही म्हणून. न गंजण्याचा गुण त्या कणांनाही उपयोगी पडतोच. पण पट्टीत त्यांना जागा मिळाली आहे ती पिवळा रंग सोडून तांबडे होतात म्हणून, आणि माझ्या लेखी हे सोनं बावनकशीच.