पेण आणि रोहा : पायी फिरलेले दोन दिवस

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणारे बहुतेक लोक पेण गाडीच्या काचेतूनच पाहतात. पापडाचे एखादे पाकीट घेतात, वडखळ नाक्यावर चहा पितात आणि पुढे निघतात. रोहा तर महामार्गापासून आत, म्हणून तेवढेही दिसत नाही. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन, एवढीच त्याची ओळख. गेल्या जानेवारीत एका शनिवार-रविवारी ही दोन्ही गावे पायी फिरण्याचा योग आम्हाला आला. त्याला निमित्त झाली नवी मैत्री.

उमराहच्या सफरीत आमच्या गटात पेणचे एक कुटुंब होते आणि रोह्याचे एक. मक्का-मदिन्यात एकाच दस्तरखानावर जेवलो, एकमेकांची औषधे आणली, मुले एकमेकांत मिसळली. निरोप घेताना 'घरी या' असे सगळेच म्हणतात. ते घडून येते क्वचितच. आम्ही मूळचे सोलापूरचे, आता पनवेलला राहणारे. घरात दखनी बोलणारे, हनफी. हे दोघे कोकणी मुसलमान, शाफई. महाराष्ट्राच्या एकाच मातीत वाढलेले हे दोन समाज, पण सह्याद्रीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या चुलीपर्यंत पोहोचतात किती? तेव्हा या वेळी जायचेच ठरवले.

शनिवारी सकाळी पनवेलहून रोह्याकडे जाणारी मेमू पकडली. आपटा, जिते, हमरापूर आणि मग पेण. स्टेशनवर पेणचे भाई घ्यायला आले होते. रिक्षा न करता चालतच गावात शिरू या, असे त्यांनीच सुचवले.

पेण म्हणजे गणेशमूर्तींचे गाव. कुंभार आळी, कासार आळी आणि बाहेर हमरापूर, जोहे, तांबडशेत अशा गावांत वर्षभर हे काम चालते. जानेवारीतही कारखान्यांत मूर्तींच्या रांगा होत्या. एकीकडे साचे, दुसरीकडे रंग. शाडूची माती गुजरातेतून येते. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कसबी हाताने होते ती डोळ्यांची आखणी. ते काम करणारा कारागीर आखत असताना आजूबाजूचे लोकही हळू बोलत होते. भाईंचा टेम्पो आहे. मूर्ती कागदात, पेंढ्यात बांधून मुंबई-पुण्याला पोहोचवणे हा त्यांचा मोसमी धंदा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारी नियमावली काढली. प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला मुभा मिळाली. विसर्जनाचा प्रश्न मात्र त्यापुढेही राहिला. त्या काळात कारखानदारांइतकीच झोप भाईंचीही उडाली होती. साचेवाला, रंगवाला, हमाल, टेम्पोवाला, सगळ्यांची चूल एकाच भट्टीवर.

आमच्या मुलीने हळूच विचारले, "भाईचाचा, आपण इथे आलो तर चालतं?" प्रश्न साधा होता, पण तो अनेक घरांत विचारला जातो. भाई थांबले. म्हणाले, "बेटा, तौहीद आपला ईमान आहे, त्यात काही कमी-जास्त होत नाही. पूजेत आपण नसतो. पण शेजारात असतो. माझ्या अब्बांच्या जनाज्याला या आळीतली दुकानं बंद होती." मुलगी पुढे काही बोलली नाही. आम्हालाही यापेक्षा वेगळे काही सांगता आले नसते.

दुपारी अंतोऱ्याच्या बाजूला गेलो. भोगावती नदीच्या खाडीवरचे हे पेणचे जुने बंदर. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा मालाची ने-आण इथून गलबतांनी होई. मीठ हे या भागाचे जुने धन. मिठागरांत खाडीचे पाणी घेऊन उन्हावर आटवायचे, एवढीच ती विद्या, पण उन्हात उभे राहून मीठ ओढणाऱ्याचे पाय पाहिले की तिची किंमत कळते. वाटेत भाईंनी पूर्वेच्या डोंगरांकडे बोट दाखवून गागोदे गावाची आठवण काढली. विनोबा भावे यांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. विनोबांनी कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकली आणि पुढे निवडक आयतींचा 'कुरआन-सार' तयार केला. पेण तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या माणसाने शेजाऱ्याचा ग्रंथ समजून घ्यायला एवढे कष्ट घेतले. ही गोष्ट आपल्या मुलांना किती घरांत सांगितली जाते?

असरची अजान आमच्या सवयीपेक्षा पाऊण तास आधी झाली. शाफई मसलकात सावली वस्तूएवढी वाढली की असरची वेळ लागते, हनफींत दुप्पट झाल्यावर. मुलाला हे पुस्तकात वाचून माहीत होते. उन्हात आपली सावली बघत त्याने ते आज पडताळून घेतले.

रात्री पोपटी होती. रायगडात थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागतेच. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडके उलटे ठेवून भोवती पेंढा, लाकडे पेटवायची. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडले की चर्र आवाज येतो, मग झाली. विस्तवाभोवती भाईंचे दोन शेजारी आले होते, एक आगरी आणि एक कुंभार. कोंबडी कोणी हलाल केली हे विचारावे लागले नाही. ते भाईंकडेच असते, असा तिथला रिवाज.

रविवारी फजरला दुसऱ्या रकअतीत रुकूनंतर इमामसाहेबांनी हात उचलून कुनूत पढली. आमच्याकडे फजरला हे नसते. भाईंनी रात्रीच मुलाला सांगून ठेवले होते, त्यामुळे तो शांतपणे उभा राहिला. बाहेर पडल्यावर त्याला एवढेच सांगितले की, हे दोन्ही इमाम आपलेच.

मग पुढची गाडी पकडून कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरलो. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची गावे, नगरपरिषद एक. आपा आणि त्यांच्या घरचे आम्हाला घेऊन आधी गावातून फिरले. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्मही इथला, १९२० चा. धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्याच्या वेळी पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, हेही आपांनी सांगितले.

मग पूल ओलांडून अष्टमीत आलो. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन चौलहून खाडीने वर येऊन इथेच उतरला होता आणि इथून रायगडाकडे गेला. त्या गडाचे नाव या जिल्ह्याला मिळाले १९८१ मध्ये. त्याआधी हा कुलाबा जिल्हा. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, याच जिल्ह्यातल्या आंबेतचे कोकणी मुसलमान.

नदीकडे बघत मुलाने विचारले, "जानेवारीत एवढं पाणी कुठून?" मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजघरावर उतरते, वीज करते आणि कुंडलिकेला मिळते. एरवी तेच पाणी मुळेतून भीमेत आणि भीमेतून सोलापूरकडे गेले असते. आमच्या गावचे पाणी आमच्याआधीच इथे पोहोचले होते, म्हणून सगळे हसलो.

आपांच्या सासूबाई, आमच्या खाला, दारातच उभ्या होत्या. तांदळाची भाकरी, कोलंबीचे कालवण, वालाचे बिरडे आणि सांदणे. त्यांची बोली ऐकून मुलगी चकित झाली. 'पानी', 'डोला' म्हणत त्या जे बोलत होत्या ती मराठीच होती, दारावर आलेल्या मासळीवालीचीही तीच. मुसलमानाच्या घरची भाषा मराठी असते, हे मुलीने आधी ऐकले होते; पंगतीत बसून अनुभवले आज.

जेवणानंतर मोहल्ल्यात फिरलो. मोठमोठी घरे, रंगीत जाळ्या आणि दारांना कुलपे. कुणी कुवेतला, कुणी दोह्याला, कुणी मुंब्र्याला. खालांचे दोन मुलगे आखातात, आपा आणि त्यांचे मिया नोकरीमुळे दिवसभर बाहेर. "मोबाईलवर सगळे दिसतात," खाला म्हणाल्या, "पण दुपारचं ताट एकच लागतं." त्या रडल्या नाहीत, तक्रारही केली नाही. मुलीला जवळ बसवून त्यांनी तिच्या वेणीला तेल लावले आणि पुढच्या वेळी किती दिवस राहणार ते विचारले.

आपण सारे दुबईची, काश्मीरची सहल आखतो आणि तास-दोन तासांवरच्या घरी जात नाही. कुरआनमध्ये जमिनीवर फिरून पाहायला सांगितले आहे, आणि मेहमानाचा, शेजाऱ्याचा हकही सांगितला आहे. या दोन दिवसांत हे सगळे एकत्रच झाले. खर्च म्हणाल तर गाडीचे तिकीट आणि नेलेली मिठाई. जायचे असेल तर हिवाळ्यात जावे, पोपटीचा मोसम तोच. हॉटेल पाहू नये, ओळखीचे घर पाहावे. आणि ज्या घरात एकटी म्हातारी माणसे आहेत तिथे थोडे जास्त बसावे.

रमजान ईदनंतर ही दोन्ही कुटुंबे आमच्याकडे येणार आहेत, इन्शाअल्लाह. खालांना जिना चढवत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने आपली खोली आत्ताच देऊ केली आहे.