सूत्रांनी सांगितले

पुण्या-मुंबईच्या पत्रकाराला ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ असं लिहून सुटता येतं. नातेपुत्यात सकाळी पेपर पडला की दुपारपर्यंत टपरीवर त्या सूत्राचं नाव, भावकी आणि मेव्हण्याचं गाव, सगळं ठरलेलं असतं. कागद पाहिला कुणी असणार? साहेबानं, कारकुनानं, ठेकेदारानं आणि फार तर शिपायानं. साहेब बोलणार नाही, ठेकेदार तर नाहीच. राहिले दोन.

इतकी वर्षं वार्ताहर म्हणून काढली, पण माझं घोडं अजून इथंच अडतं. ज्या तपशिलानं बातमी खरी ठरते, त्याच तपशिलानं सांगणारा उघडा पडतो. रस्त्याच्या कामाच्या एमबीचं, म्हणजे मोजमाप पुस्तकाचं, पान घ्या. फोटोत कोपऱ्याला अंगठ्याची सावली असते, खाली टेबलाची तडकलेली काच दिसते, आणि ती काच कुणाच्या टेबलाची हे अख्ख्या कार्यालयाला पाठ असतं. काच कापून नुसतं पान छापावं, तर ठेकेदार म्हणणार, बनावट आहे. ग्रुपचा स्क्रीनशॉट त्याहून वाईट. नावं काळी केली तरी उजवीकडचा हिरवा मेसेज ज्याचा, फोन त्याचा. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

यावर माझी एक युक्ती होती आणि तिचा मला भारी गर्व होता. कागद आधी डोळ्यांनी बघायचा, परत द्यायचा, आणि मग त्याच कागदासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. छापायची ती अर्जाला आलेली नक्कल. सूत्र कोण? शासन! पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं कलम ८(१)(ञ) मधली व्यापक जनहिताची सवलतच काढून टाकली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की अर्ज निकाली. कलम ८(२) शिल्लक आहे म्हणतात. ते तालुक्याच्या माहिती अधिकाऱ्याला पटवायचं कुणी?

प्रेस कौन्सिलच्या १९७८च्या कायद्यात सूत्र सांगायची सक्ती नाही, पण ती सूट कौन्सिलपुरतीच. बदनामीचा खटला पडला (पूर्वीचं ५००, आता न्याय संहितेचं ३५६) आणि मोबाईलमधला फोटो पुरावा म्हणून द्यायचा झाला, की साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. माझ्या फोनपुरती सही मी करीन. समोरचा वकील विचारणार, तुमच्या फोनात आला कुठून? बरं, पुरावा हातात असला म्हणजे झालं असंही नाही. कोल्हापूर प्रकरणात ज्या पत्रांच्या भरवशावर टिळक-आगरकरांनी लिहिलं, ती कोर्टात बनावट ठरली आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

दर ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालतात आणि आम्हाला शाल-नारळ देतात. शाल ज्याच्या पैशाची, त्याच्यावर बातमी लिहायची वेळ वर्षात कधीतरी येतेच. २०१७ साली राज्यानं पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र त्यातला पत्रकार नियमित किंवा कंत्राटी नेमलेला हवा. आमच्याकडे कुठलं नेमणूकपत्र? दिवाळीला जाहिरातीचं टार्गेट येतं, तेवढाच मालकाचा पत्रव्यवहार. आणि कायदा असूनही ६ फेब्रुवारी २०२३ला राजापुरात शशिकांत वारिशेंच्या दुचाकीवर गाडी घातली गेलीच. बारसूच्या रिफायनरीबद्दल ते लिहीत होते. त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या बातमीत सूत्र शोधायची कुणाला गरजच पडली नाही. इकडे गाडीवर ‘प्रेस’ लिहून, हातात बूम घेऊन फिरणाऱ्या नव्या पोरांचे बातमी न लावण्याचे दर ठरलेले. त्यांना कशाचं आलंय संरक्षण!

टपरीवर कुणी विचारलं, “कुणी दिली हो बातमी?” की मी मिशीतल्या मिशीत हसतो. त्या हसण्यासाठीच हा धंदा केला म्हटलं तरी चालेल. माझ्याकडे बातमीदारी शिकायला येणारी पोरगी परवा म्हणाली, “काका, तुम्ही हसताना सगळ्यांकडं बघता, एकाकडं तेवढं बघत नाही. त्यावरनंच कळतंय.” तिनं माझ्या फोनात सिग्नल घातलं, आपोआप पुसले जाणारे मेसेज लावून दिले. मी शिकलोही. पण सूत्रानं घालायला नको? त्याच्या फोनात नवं ॲप दिसलं तर आधी घरातच चौकशी.

पालखी तळावरच्या पाण्याची बातमी केली, तेव्हा मी लिहिलं होतं की टँकर रात्री दोनला आला आणि मुकादम ट्रॉलीत घोरत होता. तिनं ते खोडलं. मी परत घातलं. “काका, दोनला जागं कोण होतं तिथं?” म्हणून तिनं पुन्हा खोडलं. बातमी ‘टँकर उशिरा आला’ एवढीच छापली. ठेकेदाराचा फोन आला, त्याला माणूस काही ओळखता आला नव्हता. पोरगी खूश होती. त्या मुकादमाच्या घोरण्याचं मला अजून वाईट वाटतं.