अप्पांची कॅसेट आणि अरसाळूचं स्टेशन

अरसाळू हे नाव आपल्याकडच्या किती जणांनी ऐकलं असेल, शंकाच आहे. शिमोग्याहून तळगुप्प्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे एक लहानसं स्टेशन. जोगचा धबधबा बघायला जाणारे लोक ते खिडकीतून मागे टाकतात. आम्ही मात्र गेल्या डिसेंबरात बेळगावहून अडीचशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकत मुद्दाम तिथं गेलो. आम्ही म्हणजे मी, आमची सौ., आणि शहाऐंशी वर्षांचे अप्पा. निमित्त होतं एका जुन्या व्हिडिओ कॅसेटचं.

वाचकहो, आधी कॅसेटची गोष्ट सांगायला हवी.

अप्पा इंग्रजीचे मास्तर. आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ त्यांनी किती मुलांना वाचून दाखवलं असेल, त्याला हिशेब नाही. हे पुस्तक 1935 साली आलं. त्यातलं मालगुडी कुठल्याच नकाशात नाही, पण अप्पांच्या वर्गातल्या मुलांना त्या गावाचे रस्ते गोंधळी गल्लीसारखे पाठ होते. 1987 च्या सुमारास ‘मालगुडी डेज’ दूरदर्शनवर लागली, तेव्हा आमच्या घरात सणासारखं वातावरण असायचं. मामा मस्कतहून आले होते, त्यांनी एक व्हीसीआर आमच्याकडे ठेवला होता. ‘तुम्ही मास्तर, तुमच्याकडे नीट राहील,’ म्हणाले. अप्पांनी तीन तासांची एकच कॅसेट विकत आणली. त्या वेळी ती चैनच होती. तिच्यावर स्वामीचे भाग एकापाठोपाठ एक उतरवून घेतले. मधल्या जाहिराती गाळायला त्यांना जमत नसे, म्हणून जाहिरातींसकट. कॅसेटच्या पाठीवर शाईपेनानं लिहिलं, ‘स्वामी. पुसू नये.’

ती मी पुसली.

5 नोव्हेंबर 1987. वर्ल्ड कपची सेमीफायनल, वानखेडेवर भारत आणि इंग्लंड. मी तेरा वर्षांचा. अप्पा शाळेत, आई बाजारात. भारत जिंकणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि असा विजय कायमचा घरात हवा, एवढंच मला सुचलं. घरात दुसरी कॅसेट नव्हती. पुढं काय झालं ते जाणत्यांना सांगायला नको. ग्रॅहम गूचनं आपल्या फिरकीवर स्वीप मारून मारून 115 धावा केल्या, गावसकर 4 धावांवर त्रिफळा उडून परतला, आणि आपण 35 धावांनी हरलो. गावसकरचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. मधेच वीज गेली आणि टेप थांबली. मी कॅसेट काढून जागेवर ठेवली आणि गप्प बसलो.

अप्पांना ते कधी कळलं, मला ठाऊक नाही. ते कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी ती कॅसेट लावायला मात्र कधी मागितली नाही, आणि हेच माझ्या मनात इतकी वर्षं कुसळासारखं रुतून होतं. मामांचा व्हीसीआर बिघडला, मोडीत गेला. कॅसेट कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहिली.

गेल्या पावसाळ्यात घर रंगवायला काढलं, तेव्हा ती हाती आली. काळ्या फितीवर पांढरी बुरशी. आपल्याकडचा पाऊस कॅसेटींना सोडत नाही. शहरात जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांच्या दुकानात जुन्या लग्नांच्या, मुंजींच्या कॅसेटींचा ढीग होता. पण ते सांगत होते की लग्नांपेक्षाही जास्त विचारणा जुन्या मालिकांची होते. कुणाला दिलीप प्रभावळकरांचा ‘चिमणराव’ हवा असतो, कुणाला मुंबई दूरदर्शनचा ‘गजरा’. आमच्या अँटेनाला तेव्हा मुंबई कधी लागलीच नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांच्या तोंडून या कार्यक्रमांची वर्णनं ऐकायची, एवढंच आमच्या वाट्याला. कधी न पाहिलेल्या कार्यक्रमाचीही माणसाला आठवण येते, ही सीमाभागातल्या मराठी माणसाची खास गंमत म्हणायची.

“हे सगळं मिळत नाही का हो?” मी विचारलं.

“थोडं मिळतं. पण टेप महाग होती बघा तेव्हा. दूरदर्शनवालेसुद्धा जुन्यावरच नवं उतरवत होते. तुम्ही एकटे पापी नाही, सर.”

त्यांनी फीत आधी साफ केली, हातानं, कापडानं, इंच-इंच पुढं सरकवत. टेपवर एकदा नवं चित्रण झालं की खालचं जुनं परत येत नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. मी पैसे देऊन गप्प निघणार, तेवढ्यात म्हणाले, “मॅच कुठपर्यंत आहे? पूर्ण टेप भरली होती काय?”

वीज गेली होती. मला त्याक्षणी आठवलं.

त्यांनी फीत पुढं पळवली. हिरवट मैदान, मुंग्यांसारखे खेळाडू, आणि मग एकदम पडद्यावर खरखर. खरखर थांबली, तेव्हा एक आगगाडी होती. धुरकट, रंग उडालेली. प्लॅटफॉर्मवर गर्दी आणि त्या गर्दीतून धावणारा एक लहान मुलगा. स्वामी. एकूण नऊ मिनिटं, त्यात तीन जाहिराती. राजम गाव सोडून चालला आहे, तो अखेरचा प्रसंग.

ज्यांनी पुस्तक वाचलं नसेल त्यांच्यासाठी: स्वामी, मणी आणि राजम यांनी मिळून क्रिकेटचा संघ काढलेला असतो, नाव एम. सी. सी., मालगुडी क्रिकेट क्लब. पण स्वामी शाळेतल्या माराला कंटाळून घरातून पळतो, रानात वाट चुकतो, आणि नेमका त्याच दिवशीचा सामना त्याच्यावाचून होतो. संघ हरतो, राजम बोलणं टाकतो. पुढं राजमच्या वडिलांची बदली होते. स्वामी त्याला द्यायला अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक घेऊन स्टेशनवर धावतो, गाडी हलते, कसंबसं पुस्तक पोचतं. राजमनं क्षमा केली की नाही, ते नारायण शेवटपर्यंत स्वच्छ सांगत नाहीत.

ती नऊ मिनिटं मोबाइलवर घेऊन मी घरी आलो. अप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला, दोनदा पाहिली आणि म्हणाले, “हे स्टेशन खरं आहे, ठाऊक आहे ना? शिमोग्याच्या पुढं. एकदा बघायचं होतं.” एवढंच. मॅचचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

म्हणून ही सहल.

धारवाडात पेढे घेतले, नाहीतर ते गाव ओलांडता येत नाही. कर्नाटक कॉलेज दिसल्यावर अप्पांनी गिरीश कार्नाडांचं नाव काढलं. कार्नाड तिथं शिकले, आणि मालिकेत ते स्वामीचे वडील. आई झाल्या होत्या वैशाली कासरवळ्ळी. स्वामी म्हणजे मास्टर मंजुनाथ. पण अप्पांचा खरा जीव दिग्दर्शकावर, शंकर नागवर. होन्नावरकडचा कोकणी मुलगा, मुंबईत येऊन मराठी नाटकांत रमला. चापेकर बंधूंवरच्या ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेलाही त्याचा हात लागलेला. थोरला भाऊ अनंत नाग या मालिकेत मिठाईवाला जगन झाला, आणि शीर्षकाची रेखाचित्रं काढली नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांनी. दोन बाजूंनी भाऊ-भाऊ. ‘गाइड’ चित्रपटावर नाराज झालेले नारायण या मालिकेवर मात्र खूश होते. एल. वैद्यनाथन यांची ती शीर्षकधून अप्पा गाडीत गुणगुणत होते, सूर थोडा घसरत होता, पण सौ.नं मान डोलावली.

30 सप्टेंबर 1990 च्या पहाटे दावणगेरेजवळ अपघातात शंकर नाग गेला, चित्रीकरणासाठी आपल्या शेजारच्याच भागातल्या लोकापूरला निघाला असताना. वय छत्तीसही पुरं नाही. कन्नड मुलखात आजही रिक्षांच्या पाठीवर त्याचं चित्र दिसतं. राणेबेन्नूरला महामार्ग सोडून होन्नाळीच्या वाटेला लागेपर्यंत मी अशा तीन रिक्षा मोजल्या.

शिमोग्याला मुक्काम केला आणि आधी आगुंबे गाठलं, कारण मालिकेचं बरंचसं चित्रण तिथलं. तीर्थहळ्ळी तालुक्यातलं हे घाटमाथ्यावरचं गाव. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणून दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा आभाळ निरभ्र होतं, तरी भिंतींवरचं शेवाळ सुकलेलं नव्हतं. रस्त्याला लागूनच ‘दोड्डमने’, म्हणजे मोठं घर. स्वामीचं घर म्हणून मालिकेत दिसतं ते हेच. शंभर वर्षांहून जुना वाडा, मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी कोरीव खांब. घरात माणसं राहतात, पाहुण्यांना जेवूही घालतात, आणि पैशांचा ठरलेला आकडा सांगत नाहीत. आम्हाला सार-भात, लोणचं, वर कोकमाचं सरबत मिळालं. अप्पांचं कन्नड अस्खलित. त्यांनी घरच्या बाईंना स्वामी कुठल्या खांबाला टेकून बसायचा ते विचारलं. त्यांनी दाखवलं. अप्पा तिथं टेकून बसले. मी फोटो काढू लागलो तर म्हणाले, “राहू दे. तुझं उतरवून घेणं मला माहीत आहे.”

सौ. हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरसाळू. आता गाड्या ब्रॉडगेजच्या नव्या स्टेशनावर थांबतात. मालिकेतली मीटरगेज गेली. जुनी कौलारू इमारत मधल्या काळात पडून होती. तिची डागडुजी करून रेल्वेनं 2020 मध्ये तिथं मालगुडी संग्रहालय केलं. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनीच ते सजवलं. रेल्वे राज्यमंत्री तेव्हा आपल्या बेळगावचे सुरेश अंगडी होते. त्याच सप्टेंबरात करोनानं ते गेले. आवारात रेल्वेच्या जुन्या डब्यात चहाची सोय केलेली आहे. आत मालिकेची छायाचित्रं आहेत. खरं सांगायचं तर मला सगळं जरा जास्तच रंगवल्यासारखं वाटलं. कॅसेटवरचं स्टेशन मळकट होतं, आणि म्हणून खरं वाटत होतं. पण इमारत उभी आहे, पाडली नाही, हेही कमी नव्हे. आपल्याकडे किती वास्तू अशा वाचल्या?

अप्पांना सगळ्यात जास्त हवं होतं ते तिथंही नव्हतं. मालिकेचे पहिले तेरा भाग हिंदीबरोबर इंग्रजीतही केले होते. हिंदी भाग डीव्हीडीवर आले, आता इंटरनेटवरही बघायला मिळतात. पण अप्पांना स्वामी आणि राजम नारायण यांच्या भाषेत बोललेले ऐकायचे आहेत. जुन्या मालिका जमवणारे लोक या इंग्रजी भागांच्या मागावर असतात, मीही त्यांतलाच एक झालो आहे. अजून पूर्ण संच हाती लागलेला नाही. वाचकांपैकी कुणाच्या कपाटात असा काही ऐवज असेल तर कळवावं, आणि त्यावर काही उतरवू नये.

चहा घेऊन आम्ही बाकावर बसलो. सौ. फोटो काढायला पलीकडे गेली. मी म्हटलं, “अप्पा, ती कॅसेट मी पुसली होती.”

“मग? मला काय वाटलं, तुझ्या आईनं?”

“तुम्ही बोलला नाहीत कधी.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “स्वामीनं मॅच बुडवली. तू मॅचपायी स्वामी बुडवलास. दोघांना शिक्षा एकच, दुसऱ्यानं बोलणं टाकायचं. पण तू त्या रात्री जेवला नव्हतास. गावसकर गेला म्हणून की कॅसेट गेली म्हणून, ते मला कळेना. आणि विचारायचं राहिलं.”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“हं.” थोड्या वेळानं म्हणाले, “किती केल्या होत्या रे त्यानं?”

“चार.”

“फिलिप डिफ्रेटसनं बोल्ड. स्टाफरूममध्ये रेडिओ होता आमच्या.”

तळगुप्प्याची गाडी यायला अवकाश होता. अप्पांनी मोबाइल मागितला, ती नऊ मिनिटं पुन्हा लावली, आणि पडद्यावरचा खांब समोरचा कुठला, ते शोधत प्लॅटफॉर्मभर हळूहळू चालत राहिले.